मलावीच्या खेड्यातली मंडळी स्वावलंबी करताना: शेत, शेंगा, कोंबड्या आणि वही

आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिणेला झोंबा, चिराद्झुलू, फालोम्बे या भागांत एका पाळकाकडे एक मुख्य मंडळी, म्हणजे चर्च, असते आणि तिच्याभोवती चालत जाण्याच्या अंतरावर अनेक प्रार्थनाघरे विखुरलेली असतात. रविवारच्या अर्पणातून पाळकाच्या घरचे पीठही जेमतेम सुटते. त्यातच सिनडला, म्हणजे मंडळ्यांच्या वरच्या सभेला, वाटा पाठवायचा असतो आणि छपराचे पत्रे बदलायचे राहिलेले असतात. बाहेरून मदत करायला येणारा माणूस बहुधा एखादा तयार प्रकल्प घेऊनच येतो. कधी अंड्यांच्या कोंबड्यांची शेड असते, कधी पिठाची गिरणी, कधी मंडळीच्या नावाचे पाच एकर शेत. दोन-तीन वर्षांत शेड रिकामी पडते, गिरणीचा पट्टा तुटतो आणि शेतात गवत माजते. आमचे मत स्पष्ट आहे. मंडळीचा खर्च मंडळीच्या शेतातून निघत नाही, तो सभासदांच्या शेतांतून निघतो. म्हणून कामाची सुरुवात सभासदांच्या शेतापासून करायची.

मंडळी स्वावलंबी, स्वशासित आणि स्वतः वाढणारी असावी हा विचार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हेन्री व्हेन आणि अमेरिकेत रूफस अँडरसन यांनी तो मांडला. अँडरसन १८५४-५५ मध्ये मुंबई आणि अहमदनगरच्या मिशनचे काम पाहून गेले होते, त्यामुळे नगरकडच्या मंडळ्यांना हा विषय परका नाही. पाळकाचे पोट कोणी भरायचे हा प्रश्न तिथे जसा होता, तसाच मलावीत आजही आहे.

हिशेब पोत्यांत मांडा

मे २०२२ मध्ये मलावीच्या चलनाचे, क्वाचाचे, २५ टक्के अवमूल्यन झाले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा ४४ टक्के. क्वाचात केलेले अंदाजपत्रक वर्षाअखेरीस निरुपयोगी ठरते. त्यामुळे सगळे आकडे मक्याच्या ५० किलोच्या पोत्यांत लिहा. वडीलमंडळाबरोबर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांबरोबर, जूनमध्ये बसा, कारण तेव्हा कापणी होऊन गेलेली असते आणि घरात किती आले हे प्रत्येकाला ठाऊक असते.

समजा, ६० घरांची मंडळी आहे. पाळकाचे मानधन, सिनडचा वाटा, दुरुस्ती आणि गरिबांसाठीची मदत मिळून वर्षाला ७० पोती लागतात. पैसे आणि धान्य धरून सध्या २५ जमतात. म्हणजे ४५ पोती कमी पडतात. आता मंडळीचे एक एकर शेत घ्या. सगळे नीट जमले तर त्यात २० पोती मका येईल आणि बियाणे-खतापोटी सात-आठ पोत्यांची किंमत जाईल. हाती राहतात बारा. उलट ६० घरांनी आपापल्या शेतात एकरी पाच पोती जास्त काढली आणि त्यातले एक कापणीच्या सणाला आणले, तर ६० पोती होतात. हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवा. तो पाहिल्यावर मोठ्या शेताचा आग्रह बहुतेक वेळा आपोआप मागे पडतो.

मंडळीचे शेत हवेच, पण ते शिकण्यापुरते: १० मीटर बाय १० मीटर, रस्त्याच्या कडेला, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असे.

जागा कोणाची

इथे घाई केली की पुढची दहा वर्षे भांडण पुरते. दक्षिण मलावीतले लोम्वे, याओ, न्यांजा हे समाज मातृवंशीय आहेत. जमीन आईकडून मुलीकडे जाते आणि नवरा बहुतेक वेळा बायकोच्या गावी येऊन राहतो. मंडळीचा एखादा वडील मोठ्या मनाने जमीन देऊ करतो तेव्हा ती त्याच्या बायकोच्या घराण्याची असू शकते. तो वारला किंवा सोडून गेला की ते घराणे जमीन परत मागते, आणि त्यांचे म्हणणे खोटे नसते. म्हणून त्या घराण्यातल्या वडीलधाऱ्या बायका, त्यांचा मामा किंवा भाऊ आणि गावचा मुखिया या तिघांची संमती एकाच बैठकीत घ्या. कागदावर हद्दीच्या खुणा झाड, दगड, ओढा अशा लिहा. कागद मंडळीच्या नावाने करा, पाळकाच्या नावाने नको. एक प्रत मुखियाकडे ठेवा.

दहा बाय दहाचा तुकडा

काम जुलै ते ऑक्टोबरच्या कोरड्या महिन्यांत करायचे. याचे कारण मजुरीशी जोडलेले आहे. पहिला पाऊस पडला की जो तो आपल्या शेताकडे धावतो, आणि ज्यांच्या घरातले धान्य संपलेले असते ते दुसऱ्याच्या शेतात ‘गान्यू’ म्हणजे रोजाच्या कामाला जातात. मंडळीच्या शेताची पाळी शेवटी येते, पेरणी उशिरा होते आणि उत्पन्न तिथेच घटते. खड्डे आधीच खणलेले असतील तर पेरणी एका सकाळी उरकते.

गाठी मारलेली दोरी घ्या. ओळींत ७५ सेंमी आणि ओळीतल्या दोन खड्ड्यांत ६० सेंमी अंतर ठेवा. शंभर चौरस मीटरमध्ये सुमारे २२० खड्डे बसतात. खड्डा कुदळीच्या रुंदीचा आणि १५ सेंमी खोल करा. जमिनीला उतार असेल तर ओळी उताराला आडव्या धरा आणि माती खालच्या बाजूला ओढा. प्रत्येक खड्ड्यात अर्धा लिटरचा डबा भरून कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट घाला. शेणखत कच्चे असेल तर ते मुळांना जाळते आणि वाळवी ओढून आणते. त्यावर थंड पेयाच्या बाटलीचे एक बूच भरून २३:२१:० + ४ गंधक हे तिथे सर्रास मिळणारे खत टाका. साधे बूच म्हणजे साधारण पाच ग्रॅम, तेव्हा तुकड्याला एक किलोच्या आसपास खत लागते. खतावर माती ओढून खड्डा पाच सेंमी खोल राहू द्या. बी त्या मातीवर पडले पाहिजे. खतावरच पडले तर उगवणच होत नाही, आणि नवशिक्याची पहिली चूक बहुधा हीच असते.

दोन-तीन दिवसांत चांगला पाऊस होऊन ओल वीतभर खोल गेली की पेरा. दक्षिणेत हे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला होते. खड्ड्यात तीन दाणे टाका. दोन आठवड्यांनी सर्वांत कमजोर रोप उपटून दोन ठेवा. विरळणी करताना लोकांचा जीव होत नाही. उगवलेले रोप उपटणे त्यांना पाप वाटते. म्हणून शेवटची ओळ मुद्दाम तीन रोपांची राहू द्या, कणसे मोजली की फरक दिसेल. तीन-चार आठवड्यांनी, जमिनीत ओल असताना, प्रत्येक खड्ड्याला एक बूच युरिया रोपापासून चार बोटे लांब टाकून मातीत झाका. उघडा युरिया उन्हात उडून जातो.

मक्याच्या ओळींत साधारण ९० सेंमीवर तुरीचे दोन-तीन दाणे टाका. तूर सुरुवातीला हळू वाढते, मक्याला अडचण करत नाही, आणि मका काढल्यावर जमिनीतल्या ओलीवर जोर धरते. तिची पाने गळून नत्र मिळते आणि काटक्या चुलीला होतात. मराठवाडा-विदर्भातल्या वाचकाला हे सांगायला नको. अडचण येते ती शेळ्यांची. मका निघाला की गावात गुरे-शेळ्या मोकळ्या सोडायची रीत आहे आणि तूर तेव्हा फुलोऱ्यात असते. मुखियाने ठराविक तारखेपर्यंत शेळ्या बांधायचा नियम घातला तरच तूर हाती लागते. एकट्या मंडळीने कुंपण घालून हा प्रश्न सुटत नाही.

आच्छादनाचेही तसेच. मक्याची धाटे आणि गवत यांचा बोटभर थर तुकड्यावर अंथरला तर ओल टिकते आणि तण कमी होते. पण कोरड्या महिन्यांत पोरे शेतातले उंदीर पकडण्यासाठी गवत पेटवतात, कारण भाजलेले उंदीर तिथे आवडीने खाल्ले जातात. सप्टेंबरमध्ये रात्रीत सगळे आच्छादन जळून जाते. तुकड्याभोवती तीन मीटर जागा खरवडून मोकळी ठेवा, आणि उंदीर धरणाऱ्या पोरांनाच राखण सांगा. आच्छादन पुरेसे नसेल तर पातळ पसरू नका, अर्ध्याच तुकड्यावर नीट घाला.

अमेरिकन लष्करी अळी आफ्रिकेत २०१६ मध्ये आणि भारतात २०१८ मध्ये पोचली. आठवड्यातून दोनदा मक्याचे पोंगे, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पाने, उघडून बघा, पानांवरची अंडी चिरडा, अळी दिसेल त्या पोंग्यात चिमूटभर बारीक वाळू किंवा राख टाका. लहान तुकड्याला एवढे पुरते. जांभळट-लाल फुलांचे टारफुल्याचे तण दिसले तर ते फुलण्याआधी उपटा आणि पुढच्या वर्षी त्या जागी भुईमूग घ्या.

कापणीचे अर्पण आणि कोठार

मका एप्रिल-मेमध्ये स्वस्त असतो, जानेवारी-फेब्रुवारीत महाग. सणाला आलेली पोती लगेच विकली तर मंडळी निम्म्याहून अधिक मोल गमावू शकते. साठवायची तर दाणा साडेतेरा टक्क्यांपर्यंत वाळलेला हवा. ओलावा मापायचे यंत्र नसेल तर मिठाची परीक्षा करा. कोरड्या काचेच्या बरणीत दोन-तीन चमचे कडक वाळवलेले मीठ घ्या, पाव बरणी दाणे घाला, मिनिटभर जोरात हलवा आणि पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटले नाही तरी आणखी एक-दोन दिवस ऊन द्या, कारण १५ आणि साडेतेरा यांत अंतर आहे.

मग हवाबंद पोते: आत दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाहेर विणलेले पोते. पहिली पिशवी भरून हवा दाबून काढायची, तोंड पिळून दुमडून बांधायचे, मग दुसरी तशीच. आतला प्राणवायू संपतो आणि भुंगे मरतात, औषध लागत नाही. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. उंदराने एक भोक पाडले की त्या पोत्याचा उपयोग संपला.

विक्रीचा निर्णय आधीच करा आणि लिहून ठेवा. भुकेच्या महिन्यांत मंडळीनेच गावाला महाग मका विकला तर ती गोष्ट लोक विसरत नाहीत, आणि विसरूही नये. तिसरा हिस्सा गावातल्या घरांना कापणीचा भाव आणि बाजारभाव यांच्या मधल्या भावाने, घरटी एक पोत्याच्या मर्यादेत, उरलेला बाजारात. ही वाटणी आम्हाला न्याय्य वाटते.

तुरीवर मात्र पाळकाचे मानधन कधीच बांधू नका. तिचा भाव भारतात ठरतो. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि मलावीच्या शेतकऱ्याच्या बांधावर भाव कोसळला. २०२१ मध्ये दोन्ही देशांत वर्षाला ५० हजार टन तूर घेण्याचा पाच वर्षांचा करार झाला, पण करार सरकारांचा असतो, व्यापारी गावात येऊन काय भाव देईल ते वेगळे. तुरीचे पैसे छपरासाठी किंवा बाकांसाठी ठेवा. ते एक वर्ष थांबू शकतात, पीठ थांबू शकत नाही.

शेंगा फोडण्याचा धंदा

मंडळीच्या मालकीचा पहिला धंदा म्हणून आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडायचे हातयंत्र सुचवतो. बायका शेंगा हाताने फोडतात. कडक वाळलेल्या शेंगांनी बोटे सोलवटतात, म्हणून आदल्या रात्री शेंगांवर पाणी शिंपडतात. टरफल मऊ होते, दाणेही ओलावतात, आणि पोत्यात बुरशी धरून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते डोळ्यांना दिसत नाही, शिजवून जात नाही, आणि यकृतावर घाव घालते. बाहेर जाणारा माल याच कारणाने परत येतो. लाभ एकट्या व्यापाऱ्याचा नाही. नाकारलेले, सुरकुतलेले, काळपट दाणेच गावात मुलांच्या लापशीत जातात.

यंत्र एका टोपलीमागे एक वाटी दाणे या दराने चालवा. जाळी आणि दांडा यांतली फट दाण्याच्या आकाराप्रमाणे जुळवावी लागते. फट लहान राहिली की दाणे फुटतात, मोठी राहिली की शेंगा तशाच बाहेर पडतात. सुरुवातीला दहा-दहा शेंगा टाकून बघा. ओल्या शेंगा घ्यायच्याच नाहीत, शेजारीण असली तरी. एक बाई यंत्राची जबाबदार असावी आणि जमलेल्या दाण्यांतला ठराविक हिस्सा तिचा असावा. फुकट राबणारा माणूस दुसऱ्या हंगामात येत नाही.

कोंबड्या: पिंजऱ्याच्या नव्हे, अंगणाच्या

अंड्यांची शेड मागितली जाते, पण आकडे बघा. शंभर पिले अंड्यावर येईपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार महिने, सहाशे किलोहून जास्त खाद्य खातात आणि एक अंडे देत नाहीत. त्यानंतर रोज १२ किलो. एक आठवडा खाद्य आले नाही की अंडी थांबतात, आणि कर्ज मात्र थांबत नाही.

गावठी कोंबड्या प्रत्येक घरी आहेतच. त्या मरतात ते ‘चिटोपा’ने, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडी किंवा राणीखेतने. कोरड्या गरम महिन्यांत साथ आली की अंगणे रिकामी होतात. उष्णता बऱ्यापैकी सोसणारी आय-टू ही लस डोळ्यात एक थेंब टाकून देतात, पिलू असो वा कोंबडा, थेंब एकच. दर चार महिन्यांनी द्यायची. साथीच्या आधीची जुलैची फेरी चुकवू नका. महिला संघातल्या दोघींना शिकवा, दर पक्ष्याला छोटी फी ठरवा, लस ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत न्या आणि उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवायचे बघा. आजारी कोंबडीला लस देऊ नका. ती तरीही मरेल आणि दोष लसीला येईल.

ओसरीवरची पेटी

खत घ्यायला ऑक्टोबरात पैसे हवेत, आणि ते नेमके तेव्हाच नसतात. यावर ‘बँक न्खोंडे’ (ओसरीवरची बँक) या नावाने ओळखले जाणारे बचतीचे गट आहेत. ही पद्धत केअर संस्थेने १९९१ मध्ये नायजर देशात सुरू केली. आपल्या बचत गटाशी तिचे नाते लगेच जाणवते. फरक एवढाच की पैसा सहसा बँकेत न जाता तीन कुलपांच्या पेटीत राहतो आणि वर्षाअखेर सगळा वाटला जातो. १५ ते २५ जण, दर आठवड्याला प्रत्येकी ठरलेल्या रकमेचे एक ते पाच शेअर, पुस्तिकेत शिक्के, बचतीच्या तिपटीपर्यंत कर्ज, तीन महिन्यांत परतफेड. तीन किल्ल्या तिघांकडे, पेटी चौथ्याकडे. वाटप ऑक्टोबरमध्ये येईल असे चक्र बसवा. डिसेंबरात वाटप केले तर पैसे नाताळच्या कपड्यांत जातात आणि शेताला खत मिळत नाही.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. मंडळीचा पैसा या पेटीत टाकायचा नाही, आणि पाळकाकडे किल्ली द्यायची नाही. पाळकाने कर्ज थकवले तर त्याला मागायची हिंमत कोणाची होणार? गटात दुसऱ्या मंडळीची किंवा मशिदीची शेजारीण आली तर येऊ द्या.

बाहेरचा पैसा कुठे थांबतो

एकदाच घ्यायच्या वस्तूंवर बाहेरचा पैसा खर्चावा: हातयंत्र, पेटी, पहिल्या वर्षाची हवाबंद पोती, लस देण्याचे शिक्षण. मानधन, डिझेल, खाद्य यांवर कधीही नको. आधीपासून मानधन पाठवत असाल तर ते एकदम तोडू नका. चार वर्षांची उतरती वाटणी लेखी कळवा: पाऊण, निम्मे, पाव, शून्य. एका वर्षी दुष्काळ पडला, जसा २०२३-२४ मध्ये पडला, तर धान्याची मदत वेगळ्या वहीत द्या आणि उतरता तक्ता हलवू नका. गिरणी आधीच असेल तर ती चालवायला न घेता ठरलेल्या मासिक भाड्याने द्या, आणि भाड्याचा चौथा हिस्सा पट्टा, जाळी व हातोड्यांसाठी बाजूला काढा.

वही

मंडळीची वही, शेतकामाची वही आणि पेटीची वही या तीन वेगळ्या वह्या असतात. शेतकामाच्या समितीत पाच जण घ्या, त्यांत किमान तीन बायका, आणि सही करणारे तिघे. पाळक त्यांत नको. दर तीन महिन्यांनी उपासनेनंतर सगळे आकडे मोठ्याने वाचा: किती पोती आली, किती विकली, काय भावाने, किती उंदराने खाल्ली. अक्षरओळख नसलेल्यांसाठी भिंतीवर पोत्यांच्या खुणा काढा.

पाळकांची बदली काही वर्षांनी होतेच, आणि बहुतेक कामे त्याच महिन्यात मोडतात. बदलीचे पत्र आले की जुना पाळक निघायच्या आधी समितीने कोठारातली पोती मोजावीत, हातयंत्र चालवून बघावे, पावतीपुस्तकाचा शेवटचा क्रमांक वहीत लिहून तिघांनी सह्या कराव्यात आणि जमिनीचा कागद वडीलमंडळाच्या पेटीत आहे ना ते उघडून पाहावे. नव्या पाळकाला पहिल्याच बैठकीत शेजारच्या प्रार्थनाघरातल्या दोघांसमोर हीच मोजणी पुन्हा करून दाखवावी.